लोकसभेला अपक्ष उभे राहताय? या चुका टाळा

सांगलीचे उदाहरण आता प्रत्येक अपक्षाच्या तोंडी असते. २०२४ मध्ये विशाल पाटील ‘लिफाफा’ चिन्हावर निवडून आले, मग आपण का नाही? ते वसंतदादांचे नातू आहेत, हे मात्र सोयीने विसरले जाते. तुमच्यामागे तसे काही नसेल, तर पहिली लढाई मतांची नव्हे, कागदांची आहे.

सूचक न तपासणे. सूचक म्हणजे अर्जावर सही करून तुमचे नाव सुचवणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला असा एक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. हमखास घोळ होतो तो इथे, कारण लोकसभेची हद्द जिल्ह्याप्रमाणे चालत नाही. पनवेल, कर्जत, उरण रायगड जिल्ह्यात आहेत, पण मतदान करतात मावळसाठी. रायगडच्या अर्जावर पनवेलच्या मेहुण्याची सही घेतलीत, की संपले. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पाहा. अर्जाचे चार संच भरता येतात. सूचक बदलून भरा.

शेवटच्या दिवशी मिरवणुकीने जाणे. अर्ज दुपारी तीनपर्यंतच घेतात. पावणेतीनला गुलालाने माखून आलेला एक उमेदवार मी पाहिला आहे. ढोल खाली वाजतायत आणि हा वर प्रतिज्ञापत्राचे रकाने भरतोय. या प्रतिज्ञापत्रातला (नमुना २६) एकही रकाना कोरा ठेवू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. शपथही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते.

चिन्हाचा विचार उशिरा करणे. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवस मिळतात, आणि प्रचार थांबतो मतदान संपण्याच्या ४८ तास आधी. म्हणजे हाताशी जेमतेम दोन आठवडे. मुक्त, म्हणजे कोणत्याही मान्यताप्राप्त पक्षासाठी राखीव नसलेल्या चिन्हांतून तीन पसंती द्यायच्या असतात. त्या देताना आजीला एका शब्दात सांगता येईल आणि भिंतीवर पोराला काढता येईल, असेच चिन्ह निवडा. मशीनवर अपक्षांची नावे मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत पक्षांनंतर येतात, त्यामुळे मतदार खाली शोधत येतो तो चित्र. चित्राची ताकद पाहायची तर २०२४ चे सातारा आठवा: शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ साधारण ३२ हजारांनी पडला आणि तुतारीशी गल्लत होणाऱ्या ‘पिपाणी’वाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली.

सगळा मतदारसंघ पालथा घालणे. महाराष्ट्रात एका लोकसभेत सहा विधानसभा येतात. दोन आठवड्यांत सहाही फिरणे म्हणजे गाडीच्या काचेतून हात हलवणे. त्यापेक्षा ओळख आहे ती एक विधानसभा धरा आणि तिथल्या बूथवर एजंट बसवा. बाकी पाचांत पत्रकांवर भागवा, पण पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव, पत्ता छापायला विसरू नका.

अनामत २५ हजार (अनुसूचित जाती-जमातींना साडेबारा). वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली नाहीत तर ती जप्त होते. बहुतेकांची होते, ती गेलीच असे धरूनच बजेट करा.

पडल्यावर हिशेब सोडून देणे. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेले हवे. वही तीन रंगांची: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. मांडववाल्याला दहा हजारांहून जास्त रोख देऊ नका. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मग पुढची विधानसभाही हुकू शकते.