ऐकू येतंय, पण कळंना! या चुका टाळा

"आबांना हवं तेवढंच ऐकू येतं." तपासणीला घेऊन आलेला पोरगा खुर्चीवर टेकायच्या आधी हेच सांगतो. घरात कळतं, लग्नाच्या पंगतीत कळत नाही, म्हणजे सोंग! सोंग नसतं हो. वयामुळं आधी उंच, बारीक आवाज जातात. आ, ओ हे स्वर जाड, ते पोचतात. स, श, च यांची धार 2000 हर्ट्झच्या वरची, ती बोथट होते. शांत घरात डोकं गाळलेल्या जागा भरून काढतं. गोंगाटात उरलेलंही झाकलं जातं, मग भरणार कशाच्या जोरावर?

त्याहून नावडती चूक म्हणजे कानाशी ओरडणं. परभणीच्या मोंढ्यात माझंही चार पोती सोयाबीन मापाला होतं. चाळणी धडधडायली, हमालांचा कालवा. शेजारच्या नानांना आडत्यानं भाव सांगितला, चार हजार पाचशे. नानांनी ऐकलं सातशे. हिशेबाची पट्टी हातात पडली अन् जुंपली. नानांचा पोरगा कानात ओरडला, "पाऽऽचशे!" नाना म्हणाले, "तेच म्हणायलोय की मी, सातशे!"

ओरडलं की 'आ' फुगतो, अन् तो दोन्ही शब्दांत आहे. प आणि स तिथंच राहतात. मी नानांच्या समोर, हातभर अंतरावर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, साडेचार हजार." भांडण मिटलं नाही, पण निदान आकड्यावरचं थांबलं. तोच शब्द तिसऱ्यांदा सांगू नका, शब्द बदला. मी तर आकडा सरळ कागदावर लिहितो.

आता ऑनलाइन मागवलेलं कानाचं स्वस्त मशीन. ते कूलर आणि सूनबाई दोघांनाही सारखंच मोठं करतं. तपासणीच्या आलेखावरून जुळवलेलं मशीन वेगळं. पण तेही लोक पहिल्याच दिवशी वरातीत लावतात, डीजेनं डोकं उठतं अन् मशीन कायमचं डबीत. एवढी घाई कशाला? काही आठवडे घरात वापरा की. आणि दोन्ही कान गेले असतील तर एकच मशीन घेऊन पैसे वाचवू नका. गोंगाटात बोलणं निवडायला दोन कान लागतात.

मशीनच्या सेलवरचं स्टिकर काढल्यावर सेलला मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा.

एक कान अचानक बंद पडला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, तेल कोमट करत बसू नका.