डोमेनचा सौदा ठरून फिसकटला तर कायद्याने काय करता येतं

डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा भाव ठरला, समोरचा "डन" म्हणाला आणि मग जास्त पैसे देणारा भेटला म्हणून फिरला, असं झालं की बरेच जण आधी आयकॅनकडे (डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) धावतात. तसं करू नका, आयकॅन खरेदी-विक्रीच्या भांडणात पडत नाही. १९९९ पासूनची यूडीआरपी (डोमेनचे वाद सोडवायची आयकॅनची पद्धत) पण इथे चालत नाही, ती दुसऱ्याचा ट्रेडमार्क वाईट हेतूने बळकावणाऱ्यांसाठी आहे. तुमचं भांडण कराराचं आहे, ते वकील आणि कोर्टाकडेच जातं.

म्हणून आधी बघा, करार झाला होता का? सहीचा कागदच लागतो असं नाही, बऱ्याच देशांत मेलवरची ऑफर आणि स्पष्ट होकार पुरतो. "एवढ्याला देतो, एस्क्रो सुरू करा" हा होकार झाला (एस्क्रो म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा मध्यस्थ), "एवढ्यात विचार करू" ही नुसती बोलणी. सगळे मेल हेडरसकट (मेल कुठून, कधी आला याची तांत्रिक नोंद) सेव्ह करा, नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा सहज शंका घेतो.

विक्रेता "६० दिवस ट्रान्सफर लॉक आहे" म्हणाला (म्हणजे तेवढे दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, नेता येत नाही) तर लगेच भडकू नका, नवीन रजिस्टर केलेल्या किंवा नुकत्याच ट्रान्सफर झालेल्या डोमेनला तो खरंच लागू शकतो, पण त्याच रजिस्ट्रारकडच्या तुमच्या अकाउंटला पुश (एका अकाउंटातून दुसऱ्यात हलवणं) बहुतेक वेळा करता येतो, तेवढं लेखी मागा. ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा पासवर्ड) तर डोमेनच्या मालकाने मागितल्यावर ५ दिवसांत मिळायला हवा, त्यामुळे "रजिस्ट्रार देतच नाही" हे महिनाभर ऐकून घेऊ नका.

मग वकिलाकडून नोटीस, त्यात ठरलेली रक्कम, होकाराची तारीख आणि शेवटची मुदत स्पष्ट लिहा. डोमेनच हवं असेल तर कोर्टाकडे करार पाळायला लावण्याचा आदेश मागता येतो, कारण तेच नाव दुसरीकडे मिळत नाही, फक्त तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. डोमेन तिसऱ्याला विकलं जायची भीती असेल तर सगळ्यात आधी तात्पुरत्या मनाईसाठी अर्ज करा, कोर्टाचा कागद नसेल तर रजिस्ट्रार सहसा डोमेन अडवून ठेवत नाही. केस कुठे चालेल हे करारातल्या अटीवर आणि विक्रेता कुठला आहे त्यावर ठरतं, हे फी भरण्याआधीच विचारा.

पैसे गेले असतील आणि ते एस्क्रोत असतील तर डोमेन अकाउंटला दिसेपर्यंत अप्रूव्ह दाबू नका, कार्डने दिले असतील तर लगेच चार्जबॅक टाका (बँकेमार्फत पैसे परत मागा), त्याला मुदत असते. आणि तुम्ही विक्रेते असाल, खरेदीदार पळाला, तर बहुतेक ठिकाणी डोमेन रास्त भावात दुसऱ्याला विकून कमी पडलेली रक्कम त्याच्याकडून मागता येते.