डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा मराठी वाचनाचा तास कसा घ्यावा

चौथीतील एक मुलगी माझ्यासमोर 'केळे' हा शब्द वाचत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता आणि डाव्या हाताची बोटे एकेक करून मिटत होती. जवळ वाकून ऐकले तेव्हा कळले की ती 'क, का, कि, की, कु, कू, के' अशी बाराखडी पहिल्यापासून म्हणत सातव्या पायरीवर 'के'ला पोहोचत होती आणि पुढच्या अक्षरासाठी पुन्हा 'ळ'पासून मोजायला लागत होती. बाराखडी तिला तोंडपाठ होती, मात्रा मात्र ओळखता येत नव्हती. मीही तोवर तिच्याकडून बाराखडीच घोटून घेत होते, हे येथे सांगितले पाहिजे.

डिस्लेक्सियामध्ये शब्दातला आवाज वेगळा काढणे आणि तो लिहिलेल्या खुणेशी जोडणे अडते. त्याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नसतो. म्हणूनच शाळेत झालेला धडा संध्याकाळी पुन्हा घेणारी शिकवणी अशा मुलाच्या फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती धड्यापासून सुरू होते. उपचारात्मक अध्यापन, म्हणजे बोलण्यात ज्याला आपण 'रेमेडियल' म्हणतो ते, वाचनाचा धागा जिथे तुटला आहे तिथून सुरू होते, मग मूल पाचवीत असले आणि धागा पहिलीतल्या मात्रेपाशी तुटलेला असला तरी. पुढील सूचना मराठी माध्यमातील पहिली ते सहावीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

धागा कुठे तुटला ते शोधणे

प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतरच्या चाळणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. तिचा एक भाग पहिली-दुसरीसाठी आणि दुसरा तिसरी ते पाचवीसाठी आहे. निदानाचे शासकीय प्रमाणपत्र मात्र केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळत असे, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागत असे. सात वर्षांच्या मुलाचे पालक 'प्रमाणपत्र आले की सुरू करू' म्हणून वर्षभर थांबतात, तसे थांबू नये. प्रमाणपत्र परीक्षेतील सवलतींसाठी लागते. शिकवण्यासाठी लागत नाही.

पहिल्या दोन-तीन तासांत काहीही न शिकवता फक्त ऐकावे. पुस्तक बाजूला ठेवून तोंडी विचारावे: 'टोपली'तला 'टो' काढला तर काय उरते? 'काम'मधल्या पहिल्या आवाजाच्या जागी 'न' घातला तर कोणता शब्द होतो? यातच मूल अडखळले, तर काम अक्षरांच्या आधी, आवाजांपासून सुरू करावे लागेल. त्यानंतर 'टुबी', 'गेमळ', 'नाकिद' असे निरर्थक शब्द वाचायला द्यावेत. अशी मुले चित्रावरून आणि पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधण्यात इतकी तरबेज झालेली असतात की ओळखीच्या धड्यावर त्यांची अडचण दिसतच नाही. निरर्थक शब्दात अंदाजाला जागा नसते. जे चुकते ते जसेच्या तसे वहीत टिपावे. '१० पैकी ४' या नोंदीचा काही उपयोग होत नाही, 'घ ऐवजी ध, तीनदा' या नोंदीवरून पुढचा आठवडा ठरतो.

अक्षरांचा क्रम

क, ख, ग, घ हा वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांच्या दृष्टीने अतिशय सुंदर आहे, पण डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी तो गैरसोयीचा आहे, कारण कानाला जवळची वाटणारी अक्षरे त्यात शेजारीशेजारी बसतात. सुरुवात दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांब असलेल्या पाच-सहा अक्षरांनी करावी, उदाहरणार्थ म, क, र, स, ल, ग. एवढ्यांतून 'कर', 'सर', 'मगर', 'कमल' असे खरे शब्द लगेच तयार होतात आणि मुलाला पहिल्याच आठवड्यात काही वाचल्याचे समाधान मिळते.

घ-ध, म-भ, य-थ या जोड्या एकाच आठवड्यात कधीही शिकवू नयेत. जोडीतले एक अक्षर पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे आणावे आणि मगच दोन्ही शेजारी ठेवावीत. तेव्हा दाखवण्यासारखी एक गोष्ट आपल्या लिपीतच आहे: घ, म आणि य यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण असते, तर ध, भ आणि थ यांची तुटलेली असते. ताटात रवा पसरून मुलाने बोटाने अक्षर गिरवावे, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणावा आणि शिरोरेघ शेवटी ओढावी. 'ध'च्या वेळी बोट मुद्दाम उचलावे. डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही रीत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी इंग्रजीसाठी १९३० च्या दशकात घडवली. तत्त्व तेच ठेवून तपशील मराठीचे घ्यावेत. इंग्रजीतील बी-डीच्या उलटापालटीचे सराव-कागद मराठी मुलाला देण्यात काही अर्थ नाही.

तासाची मांडणी

एका वेळी एकच मूल, आठवड्यातून तीन-चार दिवस आणि तास पाऊण तासापेक्षा मोठा नको. आरंभी पाच मिनिटे आवाजांचे खेळ, नंतर जुन्या अक्षरपट्ट्यांची झटपट उजळणी, मग एकच नवी गोष्ट, तिचे वाचन, तिचेच लेखन आणि अखेरीस आपण मुलाला वाचून दाखवायची एक गोष्ट. हे शेवटचे वगळू नये, कारण वाचन अडल्यामुळे या मुलांचा शब्दसंग्रह आणि गोष्टींची ओढ दोन्ही मागे पडतात. वाचताना ओळीखाली पट्टी धरावी, अक्षर मोठे आणि शब्दांत अंतर मोकळे असावे. मूल अडले तर शब्द लगेच सांगू नये. जिथे अडले त्या अक्षरावर बोट ठेवून थांबावे.

वेलांट्या आणि उकार

काना सर्वांत आधी घ्यावा. वेलांट्यांत मात्र मी दुसरी वेलांटी आधी शिकवते, आणि त्याचे कारण साधे आहे: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण उच्चारली नंतर जाते. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारे मूल 'किडा'मध्ये आधी वेलांटीला भिडते आणि गोंधळते. तिच्यासाठी वेगळी रंगीत पट्टी करून ती व्यंजनाच्या पट्टीवर पुढून सरकवत आणावी.

ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मुलाच्या कानाला सहसा जाणवत नाही, म्हणून 'नीट ऐक आणि लिही' ही सूचना येथे निरुपयोगी ठरते. नियमच हाती द्यावा लागतो. सुदैवाने मराठीचा नियम बराच सरळ आहे. शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर ते दीर्घ: पाटी, लाडू, चेंडू. शेवटचे अक्षर मोकळे, म्हणजे काना-मात्रेवाचूनचे असेल, तर त्याच्या आधीचे दीर्घ: खीर, फूल, मूल, गरीब. त्या शेवटच्या अक्षराला काही चिकटले की आधीचे ऱ्हस्व होते: खिरीत, फुलाला, मुलाने, गरिबाचे. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांवर 'फूल' आणि 'फु' लिहून, दुसऱ्या पट्टीपुढे 'ला', 'लाला', 'लांचा' असे तुकडे लावत गेले की हा नियम हाताला समजतो. गुण, विष, मंदिर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आणि 'आणि', 'नि' हे अपवाद आहेत, पण ते पहिल्या सहा महिन्यांत काढूच नयेत.

'र'ची चार रूपे

जोडाक्षरांत सर्वाधिक वेळ 'र' खातो, कारण तो प्रत्येक ठिकाणी वेष बदलतो: 'चक्र'मध्ये पायाशी तिरका, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपीसारखा, 'सूर्य'मध्ये डोक्यावर आणि 'वऱ्हाड'मध्ये चंद्रकोरीसारखा. यांतला रफार सर्वांत फसवा असतो, कारण तो पुढच्या अक्षरावर बसतो पण त्याच्या आधी उच्चारला जातो. यासाठी चिंचोके वापरावेत. 'सू', 'र्', 'य' असे म्हणत तीन चिंचोके ओळीने मांडायचे, मधला चिंचोका उचलून पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि मग लिहायचे. रफार आणि चंद्रकोरी 'र' यांतला फरक 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोडीवर दाखवावा. समुद्र आणि डोंगरांमधले खोल भाग अशी दोन चित्रे समोर असली की पुरे. चारही रूपे पक्की व्हायला सहा-सात आठवडे लागले तरी घाई करू नये.

इंग्रजीबद्दल थोडक्यात एवढेच, की मराठी मात्रा पक्क्या होईपर्यंत इंग्रजीचे लेखन तासात आणू नये. तोंडी इंग्रजी चालू राहू द्यावे.

शाळा आणि परीक्षा

अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने तिला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या मुख्य सवलती. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा देण्यास सांगितले आहे. अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, म्हणून दहावीच्या मुलाचे कागद नववीतच तयार ठेवावेत.

सवलत मंजूर झाली की काम संपले, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ज्या मुलाने आयुष्यात कधी सलग पाच वाक्ये दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगितलेली नाहीत, ते परीक्षेच्या दिवशी 'तेच ते, धड्यात आहे ना' असे म्हणून गप्प बसते. म्हणून आठवीपासून दर पंधरवड्याला एक उत्तर असे सांगायला लावावे: आधी कच्च्या कागदावर मुद्द्यांच्या तीन खुणा किंवा चित्रे काढायची, मग एकेक वाक्य पूर्ण सांगायचे, लेखनिक थांबेपर्यंत पुढचे सांगायचे नाही, आणि शेवटी त्याच्याकडून सगळे परत वाचून घ्यायचे. सुरुवातीला लेखनिक म्हणून आपण बसावे, नंतर मुलाला अनोळखी असलेली व्यक्ती बसवावी, आणि तिने एकही शब्द मनाने घालू नये अशी तिला आधीच ताकीद द्यावी.