बॉटच्या कमिटनं पुल रिक्वेस्ट अडकली तर काय करायचं

गिटहबवर पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीच्या, टेस्ट हिरव्या झाल्या, रिव्ह्यू मिळाला, आणि तेवढ्यात फॉरमॅटरच्या (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) बॉटनं एक कमिट (नोंदवलेला बदल) टाकली की खाली "एक्सपेक्टेड, वेटिंग फॉर स्टेटस टू बी रिपोर्टेड" असं येऊन बसतं आणि मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळणं, बंद. कितीही वेळ थांबा, हलत नाही, कारण ज्या रनची वाट बघतोय ती सुरूच झालेली नसते. आम्ही सांगलीत हळदीच्या अडत दुकानांसाठी बिलिंगचं ॲप करतो, सौद्याच्या दिवशी तातडीची दुरुस्ती अशी अडकली की मार्केट यार्डातनं फोनवर फोन सुरू होतात, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी कारण बघा. रिक्वायर्ड चेकचा, म्हणजे मर्जआधी पास व्हायलाच हवी अशा तपासणीचा, निकाल पुल रिक्वेस्टला नाही, तिच्या शेवटच्या कमिटला चिकटतो. काट्यावर पोतं तोलून पावती घेतली आणि मग त्यात अजून चार ओंजळी हळद टाकली तर जुनी पावती कोण घेणार, तसंच हे. म्हणजे बॉटच्या कमिटवर चेक परत चालायलाच हवेत, पण गिटहब ॲक्शन्समध्ये (हे चेक आपोआप चालवणारी गिटहबची सोय) जॉबला जे आयतं गिटहब टोकन, म्हणजे तात्पुरती परवानगीची चावी, मिळतं त्यानं पुश केलं तर नवीन वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या जॉबची यादी) सुरू होत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर वर्कफ्लो कमिट करणार, कमिटनं परत वर्कफ्लो सुरू होणार, आणि ते चक्र थांबायचंच नाही.

आत्ताच्या आत्ता सोडवायचं असेल तर पुल रिक्वेस्टची ब्रँच आपल्या मशिनवर ओढून घ्या आणि स्वतःच्या अकाउंटवरनं एक रिकामी कमिट पुश करा, नाहीतर पुल रिक्वेस्ट बंद करून परत उघडा, वर्कफ्लो कशाकशानं सुरू व्हायचा ते इव्हेंटचे प्रकार बदलले नसतील तर रीओपनवरही चेक चालतात. नवीन कमिटनं जुनं अप्रूव्हल रद्द होईल असं सेटिंग असेल तर रिव्ह्यू परत मागावा लागेल. घाईत रिक्वायर्डचा नियमच काढून टाकू नका, प्लीज. बॉटनं बदललेला कोड तपासल्याशिवाय मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, गेला तर चेक लावले कशाला?

कायमचा उपाय म्हणजे स्वतःचं गिटहब ॲप, म्हणजे माणसाऐवजी स्वतःच्या ओळखीनं गिटहबवर काम करणारं ॲप. त्याला कंटेंट्सची (कोडच्या फाइलींची) राइट परवानगी द्या, फक्त त्याच रिपोवर (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यावर) इन्स्टॉल करा, त्याची प्रायव्हेट की गिटहबच्या सीक्रेटमध्ये (गुप्त गोष्टी ठेवायची जागा) ठेवा, आणि वर्कफ्लोत आधी त्या ॲपचं टोकन बनवा, ते १ तास चालतं. आता खरी मेख इथं आहे: हे टोकन चेकआउटच्या, म्हणजे वर्कफ्लोत कोड खाली घेणाऱ्या, स्टेपलाच द्यायचं. चेकआउट जे टोकन घेतो तेच गिटच्या सेटिंगमध्ये ठेवून देतो, त्यामुळं नवं टोकन नुसतं बनवून ठेवलं आणि चेकआउटला दिलं नाही तर पुश जुन्याच टोकननं जातो आणि आपण डोकं धरून बसतो. पर्सनल टोकननं पण काम होतं पण ते एका माणसाला बांधलेलं, तो नोकरी सोडून पुण्याला गेला की बंद. राइट परवानगी असलेली डिप्लॉय की (एकाच रिपोपुरती एसएसएच चावी) पण चालते.

पण आता चक्राची काळजी आपली. फाइल खरंच बदलली असेल तरच कमिट करा, आणि फॉरमॅटर दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीच बदलत नाही हे आपल्या मशिनवर बघून घ्या. चक्र थांबवायला कमिट मेसेजमध्ये "स्किप सीआय" (सीआय म्हणजे हे आपोआप चालणारे चेक) लिहू नका, त्यानं वर्कफ्लोच चालत नाही आणि चेक परत तसेच लटकतात.

असंच लटकणं पाथ फिल्टरनं (ठरावीक फाइली बदलल्या तरच वर्कफ्लो चालवायचा ही अट) पण होतं, पूर्ण वर्कफ्लो फिल्टरनं वगळला तर चेक पेंडिंग राहतो, पण जॉबवर इफची अट लावून जॉब वगळला तर तो पास धरला जातो. म्हणून अट जॉबवर लावा.

फोर्कवरनं, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या आपल्या रिपोच्या प्रतीवरनं, आलेल्या पुल रिक्वेस्टला सीक्रेट मिळत नाहीत, टोकनही फक्त वाचण्यापुरतं, तिथं बॉटची कमिट सोडूनच द्या. त्यासाठी पुल रिक्वेस्ट टार्गेट (आपल्या रिपोच्या सीक्रेटसकट वर्कफ्लो चालवणारा इव्हेंट) वापरून फोर्कचा कोड चालवायचा तर अजिबात नाही, परक्याच्या कोडच्या हातात आपली सीक्रेट जातात.

खरं सांगू का, फॉरमॅटिंगसाठी बॉटनं कमिट करायची गरजच नसते. सीआयमध्ये फॉरमॅटर फक्त तपासणीच्या मोडमध्ये चालवा, चुकलं तर फेल करा, आणि प्रत्येकाच्या मशिनवर प्री-कमिट हुक (कमिट करण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावा, आम्ही आता हेच करतो. जनरेट होणाऱ्या फाइलींसाठी मात्र ॲप ठेवलंय, आणि ते नीट बसलंय का बघायला एक मुद्दाम बिघडवलेली पुल रिक्वेस्ट टाका, बॉटची कमिट पडल्यावर ॲक्शन्सच्या टॅबमध्ये त्याच कमिटच्या हॅशची (कमिटच्या ओळख क्रमांकाची) नवी रन दिसली पाहिजे.