जड ट्रेलरसाठी हिच घेण्याआधीची तयारी

ट्रकला हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा सांगाडा, बसवायची ठरली की बहुतेक जण 'ही किती टन ओढेल?' एवढेच विचारतात आणि विकणाराही एक आकडा सांगून मोकळा होतो. हिचवर चिकटवलेल्या पट्टीवर मात्र किमान दोन आकडे असतात. एक भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा आणि दुसरा टंग वेटचा, म्हणजे ट्रेलरचे तोंड हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर अडकतो त्या धातूच्या गोळ्यावर) सरळ खाली जो भार टाकते त्याचा. मागच्या खरेदीत माझ्या यादीतून हा दुसरा आकडाच सुटला होता, त्यामुळे या यादीत तो वारंवार आला तर वाचणाऱ्याने कंटाळू नये.

सर्वांत आधी ट्रेलरचे वजन काढावे, तेही भरलेल्या ट्रेलरचे. माहितीपत्रकातले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते आणि त्यात बहुधा पाणी, बॅटरी, गॅसचे सिलिंडर, हत्यारे यांपैकी काहीच धरलेले नसते. २०० लिटरची पाण्याची टाकी भरली की २०० किलो वाढले, हे हिशेब करताना हमखास विसरले जाते. तेव्हा प्रवासाला निघताना जसा भरणार तसाच ट्रेलर भरून तो वजनकाट्यावर न्यावा. अंदाजाने काम भागवायचे असेल तर पुढचे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आता टंग वेट. मागे जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये ते भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. कमी पडले तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि एकदा तो लय धरू लागला की सावरणे अवघड होते. जास्त झाले तर ट्रकचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. हे वजन घरीही मोजता येते. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. एका भक्कम लाकडी फळीचे एक टोक माणसांच्या वजनकाट्यावर आणि दुसरे एका पाइपावर ठेवावे. या दोन आधारांमधल्या अंतराचे तीन समान भाग पाडून, पाइपापासून एक भाग आणि काट्यापासून दोन भाग अंतरावर ट्रेलरचा जॅक टेकवावा. काट्यावर जो आकडा दिसेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. मोजताना ट्रेलर भरलेला आणि समतल असावा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही.

हे टंग वेट ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रकवर टाकता येणाऱ्या भारातून, वजा होते, आणि हीच गोष्ट मला समजायला उशीर झाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल ते लिहिलेले असते. समजा तिथे ७५० किलो आहे. ३,६०० किलोच्या ट्रेलरचे १२ टक्के धरले तर ४३२ किलो, हिचचा जोडसंच ४५ किलो, माणसे ३०० किलो आणि मागच्या हौद्यातले सामान ८० किलो. बेरीज ८५७ किलो झाली, म्हणजे मर्यादा १०७ किलोंनी ओलांडली. हिच दहा हजार पौंडांची असो की वीस हजारांची, ट्रकचा पेलोड त्यामुळे एका किलोनेही वाढत नाही. कंपनीने ट्रकची ओढण्याची क्षमता म्हणून जाहीर केलेला मोठा आकडाही इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी पेलोड संपलेला असतो.

एवढे झाल्यावरच हिचच्या वर्गाकडे वळावे. अमेरिकी पद्धतीत तिसऱ्या वर्गाची हिच साधारण ८,००० पौंडांपर्यंत (३,६२९ किलो) आणि चौथ्या वर्गाची १०,००० पौंडांपर्यंत (४,५३६ किलो) चालते. पाचव्या वर्गाची त्याहून बरीच पुढे जाते आणि तिची चौकोनी नळी, म्हणजे रिसीव्हर, दोन किंवा अडीच इंचांची असते. वर्ग ही केवळ ढोबळ विभागणी आहे, खरा आकडा त्या विशिष्ट हिचच्या पट्टीवरचा. पुष्कळ पट्ट्यांवर भाराच्या दोन ओळी असतात, एक नुसत्या बॉलवर भार घेताना आणि दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे, म्हणजे टंगचा काही भार पुढच्या चाकांकडे वळवणारे दांडे, लावल्यावर. मोठे आकडे दुसऱ्या ओळीतले. दांडे न लावता तेच आकडे गृहीत धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक. आणि हो, या ओळींतही टंग वेटची मर्यादा वेगळी दिलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दांडे बसवायचे असतील तर ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची फितीने मोजून लिहून ठेवावी, म्हणजे जोडल्यावर पुढचा भाग किती उचलला आणि दांड्यांनी तो किती खाली आणला हे कळते.

संपूर्ण जोडणीची ताकद तिच्यातल्या सर्वांत कमजोर भागाएवढीच. रिसीव्हर, बॉल माउंट (रिसीव्हरमध्ये घालायचा, बॉल पेलणारा दांडा), बॉल आणि कपलर (बॉलवर बसणारे ट्रेलरचे तोंड) या प्रत्येकावर आपापला आकडा असतो आणि त्यांतला सर्वांत लहान तोच आपला. अडीच इंची रिसीव्हरमध्ये दोन इंची माउंटसाठी बाही घातली, तर माउंटची ताकद काही वाढत नाही. लांबी वाढवणारा एक्स्टेन्शन लावला तर क्षमता लक्षणीय घटते, तो टाळता येत असेल तर टाळावा. बॉलचा व्यास कपलरवर कोरलेला असतो, तोच घ्यावा. पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा बॉल दोन इंची कपलरमध्ये बसतो, खटकाही लागतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर वर उडतो. बॉलचा नट टॉर्क रेंचनेच आवळावा, हाताच्या अंदाजाने नव्हे.

ट्रेलर याहूनही जड असेल तर हौद्यात बसणारी फिफ्थ व्हील (ट्रेलरची पिन ताटासारख्या हिचमध्ये अडकते ती) किंवा गूजनेक (हौद्यातल्या बॉलवर अडकते ती) जोडणी पाहावी. फिफ्थ व्हीलमध्ये पिनवरचा भार एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो, म्हणजे टंग वेटचा तोच हिशेब अधिक कठोरपणे करावा लागतो. हौदा आखूड असेल तर सरकणारी हिच लागते, अन्यथा वळताना ट्रेलर केबिनला घासू शकतो.

बाकीचे थोडक्यात. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारे यंत्र) आणि सात पिनांची विजेची जोडणी हवी. सुरक्षा साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या घ्याव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी तोंड जमिनीवर आपटत नाही. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, साखळीला न अडकवता ट्रकलाच वेगळी बांधावी. सामान हलवले की टंग वेट पुन्हा मोजावे. पिन, क्लिप, दिवे, टायरमधली हवा हे सर्वांना माहीत आहे. चाकांचे नट पहिल्या ८० किलोमीटरांनंतर थांबून पुन्हा आवळावेत.