जानेवारीच्या शोसाठी कॅक्टस-सक्युलंट: आत्ता काय करायचं आणि काय अजिबात नाही

दिवाळी झाली, रात्री गारठा जाणवायला लागला, म्हणजे कॅक्टस आणि सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणारी मांसल झाडं, शोसाठी तयार करायची वेळ झाली. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास भरतं, म्हणजे हातात आठ-नऊ आठवडे आहेत. आपल्यातले बरेच जण शेवटच्या आठवड्यात जागे होतात, झाड पुसतात, कुंडी बदलतात, आणि नेमकं तिथेच घालवतात. गुलाबाचं डागाळलेलं पान तोडून टाकता येतं, कॅक्टसचं तसं नाही, त्याचं अंग म्हणजेच खोड, एकदा डाग पडला की तो वर्षानुवर्षं तिथेच दिसणार. म्हणून झाडं आत्ताच निवडा.

निवडताना आधी शेंडा बघा, म्हणजे जिथून नवीन वाढ येते तो मधला भाग. जज पण सगळ्यात आधी तिथेच बघतात. शेंड्याजवळ खाकी, खरखरीत पट्टा दिसला तर तो बहुतेक लाल कोळीचा (रस शोषणारी बारीक कीड), कोळी मेला तरी पट्टा जात नाही, ते झाड या वर्षी घरीच ठेवा. वरचा भाग बारीक, फिका, निमुळता झाला असेल तर पावसाळ्यात ऊन कमी पडलंय, ते पण आता सुधारणार नाही. आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदम शेडबाहेर काढलेल्या झाडांना एका बाजूला पिवळट-पांढरा चट्टा पडतो, तो भाजल्याचा, ती बाजू मागे फिरवून लपत नाही कारण जज टेबलाच्या भोवती फिरून बघतात, कुंडी उचलून पण बघतात.

मागे एका शोला मी अॅस्ट्रोफायटम मिरिओस्टिग्मा हे कॅक्टस ठेवलं होतं, चांगलं वाटीएवढं, पाच धारा एकसारख्या. पहिला नंबर गेला माझ्यापेक्षा लहान झाडाला. नंतर विचारलं तर जजनी पेन्सिलीच्या टोकाने मातीलगतचा भाग दाखवला, बोअरच्या पाण्याने चुन्याचं पांढरं कडं बसलेलं, आणि दोन धारांच्या खोबणीत कापसाचा एवढासा पुंजका. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण! मी रोज बघत होतो ते झाड, पण वरून बघत होतो. तेव्हापासून वाचायची भिंगं घेऊन प्रत्येक खोबण बघतो, तुम्ही पण बघा, आणि कुंडीतून झाड हळूच सरकवून मुळं पण बघा, कारण मुळांवरचा पिठ्या ढेकूण बाहेरून कळतच नाही, कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पावडर दिसली की समजायचं. वरच्या मिलीबगला इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून टिपायचं, संध्याकाळी, उन्हात नाही, आणि दर आठवड्याला परत बघायचं कारण अंडी राहतात. कडुनिंबाचं तेल शोच्या झाडावर नको, डाग राहतात.

पुसण्याबद्दल कळकळीने सांगतो. एकेव्हेरिया, पॅकिफायटम या सक्युलंटच्या पानांवर जी पांढरी-निळसर पावडर असते ती झाडाची स्वतःची आहे, धूळ नाही. बोट लागलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर ती परत येत नाही. अॅस्ट्रोफायटमवरचे पांढरे ठिपके पण घासायचे नाहीत. धूळ मऊ कोरड्या ब्रशने किंवा फुंकणीने काढा. चुन्याचे डाग नुसत्या हिरव्या अंगावर असतील तर कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून कापसाने टिपा, आधी मागच्या बाजूला करून बघा, मग साध्या पाण्याने धुवा. पुढचे दोन महिने पाणी पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओचं, आणि ते मातीत, अंगावर नाही. पानं चमकवायचा स्प्रे किंवा खोबरेल लावलेलं झाड लगेच ओळखू येतं, तसं करू नका.

पाणी कमी करा, पण सगळं बंद नको. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, ओली माती आणि गारठा एकत्र आला की मूळ सडतं. माझ्याकडे पंधरा-वीस दिवसांनी एकदा, सकाळी दहानंतर, कुंडी उचलून हलकी लागली तरच. कोकणात हवा दमट, तिथे अजून लांबवलं तरी चालतं. गोल झाडं आठवड्याला पाव फेरा फिरवा म्हणजे एका बाजूला कलणार नाहीत.

कुंडी बदलायची तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, नंतर नको. झाडापेक्षा एक-दोन सेंटीमीटरच मोठी, साधी, स्वच्छ कुंडी घ्या, मातीची किंवा काळी प्लास्टिकची. मोठ्या नक्षीदार कुंडीत छोटं झाड हरवून जातं. वर बारीक खडी किंवा क्रशरची धुतलेली कच पसरा, रंगवलेले दगड, शिंपले, प्लॅस्टिकची बाहुली हे काही नको.

आता शेड्यूल, म्हणजे शोच्या वर्गांची आणि नियमांची यादी. ते नीट वाचा, दोनदा वाचा, कारण कॅक्टसच्या वर्गात युफोर्बिया, म्हणजे कॅक्टससारखं दिसणारं पण वेगळ्या कुळातलं झाड, ठेवून लोक बाद होतात, झाड कितीही सुंदर असलं तरी. ओळख सोपी आहे, कॅक्टसचा काटा लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतो, युफोर्बियाला ती गादी नसते आणि टोचलं की दूध येतं. आपला त्रिधारी निवडुंग म्हणूनच कॅक्टस नाही, नाव निवडुंग असलं तरी. झाड किती महिने तुमच्याकडे असायला हवं, कुंडीचं माप किती, कलम चालतं का, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. लाल-पिवळ्या टोपीचं कलमी जिम्नोकॅलिशियम दिसायला छान, पण स्वतःच्या मुळावर वाढवलेल्या झाडाला जाणता जज जास्त मान देतो. तसंच आकाराचं, पाच इंची गोल्डन बॅरल आणि पाच इंची एरिओकार्पस या दोन कॅक्टसमध्ये मेहनतीचा फरक खूप मोठा, एरिओकार्पसला तिथवर यायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. फुलाचं फार मनावर घेऊ नका, मॅमिलेरियाला थंडीत फुलांचा गोल मुकुट आला तर पब्लिक खूश होतं, पण मार्क मुख्यतः झाडाच्या तब्येतीला. नावाचं लेबल मात्र छोटं, सुवाच्य, बरोबर असू द्या. गोल्डन बॅरलला आता शास्त्रीय नाव क्रोएनलाइनिया आहे, जुनं एकिनोकॅक्टस ग्रुसोनी लिहिलं तरी लोक समजून घेतात.

एक गोष्ट मनापासून. आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी ही सक्युलंट, म्हणजे फ्रेरिया इंडिका, आणि कंदीलपुष्पाच्या जाती शोमध्ये बघून कुणालाही हव्याशा वाटतात. शिवनेरी, पुरंदर अशा गडांच्या कड्यांवर फ्रेरिया उरलीये, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिथून एक फांदी सुद्धा आणू नका. ती कटिंगवरून सहज लागते, म्हणून वाढवलेल्या रोपाची कटिंग मागून घ्या, आणि जजनी सुद्धा रोप कुठून आलं हे विचारावं असं मला वाटतं.

नेताना क्रेटमध्ये तळाला वाळू, कुंड्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे बोळे, काटेरी झाडाभोवती कागदाची गुंडाळी. मांडून झाल्यावर स्वयंसेवकांना आवर्जून सांगा की या टेबलावर स्प्रे मारू नका, कारण बाकीच्या कुंड्यांबरोबर हौसेने पाणी मारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पानांवरची पावडर डागाळलेली असते. दोन-तीन दिवस मांडवाखाली राहून काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर थेट बाकीच्या झाडांत ठेवू नका. शेजारच्या कुंडीवर काय होतं आपल्याला माहीत नसतं. तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात, आठवड्यातून एकदा भिंग, आणि सुरुवातीला एकदम कडक ऊन नको, हिरव्या नेटखाली.