सुपरचार्जरवाली मिनी घरीच सांभाळताय? मग या चुका टाळा

इंग्लंडात जुनी मिनी कूपर एस घेणारी आपली मंडळी बरीच दिसायला लागलीयत. मी म्हणतोय ती २००२ ते २००६ ची, जिला सगळे आर५३ म्हणतात, १.६ लिटर इंजिन आणि त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. गाडी भारीच आहे, प्रश्नच नाही, पण घेतली की पहिल्या महिन्यात सुपरचार्जर जोरात फिरावा म्हणून त्याच्यावर छोटी पुली (बेल्टचं चाक) लावायची घाई होते आणि तिथून सगळी रड सुरू होते, कारण वीस वर्षं जुन्या गाडीत आधीच जे ढिलं झालेलं असतं ते वाढलेल्या बूस्टने, म्हणजे हवेच्या दाबाने, उघडं पडतं आणि मग शिव्या पुलीला.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या गाडीत सुपरचार्जर म्हणजे वर बसवलेला एक्स्ट्रा भाग नाहीये. क्रँकवरनं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरनं, एकच बेल्ट निघतो, तोच ब्लोअर (म्हणजे हा सुपरचार्जरच) फिरवतो, अल्टरनेटर फिरवतो, एसी फिरवतो, आणि पाण्याचा पंप तर थेट ब्लोअरच्या मागच्या टोकाला गिअरने जोडलेला आहे. म्हणजे बेल्ट तुटला की बूस्ट गेला एवढंच नाही, कूलंट फिरायचं थांबलं. बॅटरीचा लाल दिवा लागला की "घर जवळच आहे, जाऊ हळूहळू" करणारे लोक हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) उडवून बसतात. दिवा लागला, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद.

पुलीचं गणित

१५ टक्के छोटी पुली लावली म्हणजे ब्लोअर १५ टक्के जास्त फिरतो असं सगळे धरून चालतात. नाही. व्यास ०.८५ झाला की वेग १ भागिले ०.८५, म्हणजे जवळजवळ १८ टक्के वाढ. १९ टक्केवाली लावली तर २३ च्या पुढे. रूट्स टाईपचा ब्लोअर जितका जोरात फिरवाल तितकी हवा गरम करून देतो, ती हवा गार करणारा वरचा इंटरकूलर तसा छोटाच आणि इंजिनच्याच डोक्यावर बसवलेला, ट्रॅफिकमध्ये तो स्वतःच तापून बसतो. मग ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना, घाबरून ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो, ताकद कमी होते आणि तुम्ही म्हणता पुली लावून काही फरकच पडला नाही. रस्त्यावरच्या गाडीला माझ्या मते १५ पुरे, वरचे आकडे फक्त गप्पांत बरे वाटतात. पुलीसोबत बेल्टही छोटा लागतो, जुनाच चढवला तर टेन्शनरला (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाला) ओढायला जागा उरत नाही.

स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, घ्या. इथे गंमत अशी की एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ वरून ७, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे नुसता नंबर बघून ऑर्डर करू नका. पेट्रोल सुपर अनलेडेडच, तिथे पेन्स वाचवायला जाऊ नका.

बूस्ट वर जाऊन पडतो

सगळ्यात कॉमन तक्रार हीच. खालच्या आरपीएमला गाडी मस्त ओढते, वर गेली की बूस्टचा गेज खाली यायला लागतो, कधी किंचाळल्यासारखा आवाज. लोक लगेच ब्लोअर गेला म्हणून दुसरा शोधायला लागतात, आणि असतो बेल्ट सरकत. पुलीच्या आजूबाजूला काळी पावडर दिसतेय का बघा. बेल्टवर तेल आहे का बघा, क्रँक सेन्सरचा ओ-रिंग गळणं या इंजिनात नेहमीचं आहे, आणि तेल लागलेला बेल्ट पुसून परत चालवायचा नसतो, नवीन टाकायचा. टेन्शनर ढिला असू शकतो. आणि क्रँकची पुली, जी कोणी बघतच नाही! तिच्यात मधलं डोकं आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं, ते सुटलं की रिंग डुलते आणि एक दिवस बेल्ट फेकून देते. पांढऱ्या पेंटने दोन्हीवरून एक सरळ रेघ मारून ठेवा, काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर पुली गेली, दुसरी काही टेस्ट नको.

बेल्ट ठीक असेल तर इंटरकूलरच्या दोन्ही बाजूचे रबरी बूट काढून हातात घ्या, घड्या उलगडून बघा, चिरा आतल्या बाजूला असतात. परत बसवताना ते नीट बसले नाहीत तर क्लॅम्प कितीही आवळा, हवा जाणारच. आत तेलाचा हलका थर असणं नॉर्मल, पण तेल साचलेलं असेल तर ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीकडे, बघा.

हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी पुढे-मागे हिसके देत असेल तर बहुतेक वेळा बायपास व्हॉल्व, म्हणजे बूस्ट नको असताना ब्लोअरची हवा परत वळवणारी झडप. हँड व्हॅक्यूम पंप लावा, व्हॅक्यूम टिकला नाही तर डायफ्राम फाटलाय, टिकला पण दांडा अडखळतोय तर तो घासून चिकटलाय.

ब्लोअरचं तेल

कंपनी म्हणते आयुष्यभराचं आहे, हात लावू नका. कोणाचं आयुष्य ते सांगत नाही. ब्लोअरमध्ये तेलाच्या दोन वेगळ्या जागा आहेत, पुढे नाकाड्यात एक आणि मागे पाण्याच्या पंपाच्या गिअरपाशी एक, आणि मागची फार छोटी, ती कोरडी पडली की गिअरचे दात झिजतात आणि पंप फिरायचाच थांबतो. लक्षण ओळखायचं असं: कूलंट भरलेलं आहे, तापमान चढतंय, आणि हीटर मात्र गार हवा फेकतोय. आधी सिस्टीममध्ये हवा अडकली नाहीये ना बघा, तेव्हाही हेच होतं. हवा काढूनही तसंच असेल तर ब्लोअर उतरवायची तयारी ठेवा. त्यासाठी गाडीचं नाकच पुढे सरकवावं लागतं, अख्खा वीकेंड धरा. एकदा उतरवला की दोन्हीकडचं तेल बदला, पाण्याचा पंपही तेव्हाच. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल ओतायचं नाही, सुपरचार्जरचं वेगळं सिंथेटिक तेल मिळतं तेच, आणि जरा जास्त घातलं तर बरं हा विचार सोडा, जास्त तेल सीलमधून बाहेर येतं. जुन्या तेलाचा वास सडक्या माशासारखा येतो, घरात कपडे नेऊ नका, बायको बाहेर काढेल.

तापण्याबद्दल अजून एक, पंखा. त्याचा स्लो स्पीडचा रेझिस्टर जळतो, मग पंखा थेट फुल स्पीडलाच सुरू होतो, तेही पाणी फारच तापल्यावर. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघत रहा. एक्स्पान्शन टँक प्लास्टिकचा, शिवणीत फुटतो, बदलून टाका.

जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, ॲक्सल स्टँड लावा. आणि पुली लावली की इन्शुरन्सवाल्याला सांगा, प्रीमियम वाढेल, वाढू दे, लपवलेलं मॉडिफिकेशन सापडलं तर क्लेम नाकारायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं.